मृदुलाने निवडलेला दगड

"माझा दगड मीच निवडणार," मृदुलाने सांगून टाकलं. पुढ्यात मेथीची जुडी होती, ती पानं खुडत होती आणि आवाज असा, की जणू पडद्याचं कापड निवडायचंय.

श्रीनिवास धर्माधिकारी शेगडीपाशी उभा राहून तिच्यासाठी पेज ढवळत होता. त्याचा हात थांबला. स्वादुपिंडातली गाठ आता काढण्यासारखी राहिलेली नाही, हे डॉक्टरांनी सांगून थोडेच दिवस झाले होते. तेव्हापासून दोघंही त्या विषयाला वळसा घालून घरात वावरत होती. कोणता दगड, हे त्याने विचारलं नाही. नेदरलँड्समधल्या कापेल आन डेन आयसेल गावातल्या त्या घरात दगड म्हटलं की एकच अर्थ होता.

"आणि दहाव्याला वाहत्या पाण्यात सोडायचा," ती म्हणाली. "ठेवून घ्यायचा नाही. तुमचा भरवसा नाही, देवघरात मांडून बसाल. मला कुठे अडकून राहायचं नाहीये. वचन द्या."

"अगं, पण आत्ता हे…"

"अहो, द्या म्हणते ना."

त्याने दिलं. तोवर पेज खाली लागली, करपट वास घरभर झाला आणि मृदुला म्हणाली, "बघा, मी असताना ही तऱ्हा."

माणूस गेलं की आपल्याकडे स्मशानातला एक खडा उचलतात. त्या खड्याने पाण्याचं मडकं फोडायचं आणि मग तो खडा म्हणजेच गेलेलं माणूस असं धरून दहा दिवस त्याच्यावर तिळाचं पाणी घालायचं. हा जीवखडा. दहाव्याला तो पाण्यात सोडला की जीव सुटला. गावाकडे हे कुणी कुणाला शिकवत नाही. चार म्हातारी माणसं असतात, ती दटावून करून घेतात. नेदरलँड्समध्ये म्हातारी माणसं आणायची कुठून? इथे आलेले सगळे तिशीत आलेले, लॅपटॉप घेऊन. मग कुणाकडे वाईट झालं की श्रीनिवासला फोन जायचा. तो रॉटरडॅमच्या एका कंपनीत डेटाबेस सांभाळायचा. फोन आला की सुट्टी टाकायचा, शेडमधली निळी पिशवी गाडीत ठेवायचा आणि निघायचा. त्याचा नंबर सगळ्यांकडे होता आणि तो लावायची वेळ येऊ नये, असं सगळ्यांनाच वाटत असे.

या कामापासून पळूनच तो इतका लांब आला होता, ही त्यातली गंमत. गंमत म्हणायचं ते आपलं म्हणायचं म्हणून. त्याचे वडील हरिहरशास्त्री, घरातले अप्पा, कराडला कृष्णेच्या घाटावर क्रियाकर्म करायचे. लोक त्यांना रडत बोलवायला येत आणि लग्नाच्या पंगतीला सोयीस्कर विसरत. शाळेत श्रीनिवासच्या डब्याला कुणी हात लावत नसे. त्याने इंजिनियरिंग केलं, पुणं गाठलं, मग हा देश गाठला, आणि ज्या दिवशी कापेलच्या घराची किल्ली हातात पडली त्या दिवशी मृदुलाला म्हणाला, "सुटलो बाई घाटावरून."

कसला सुटतोय! त्याच वर्षी त्याचा सहकारी राजन याचे वडील गेले. मुलाकडे म्हणून आले होते. ट्यूलिप बघितले, पवनचक्की बघितली आणि परतीच्या आठवड्यात झोपेतच गेले. हेगच्या सुरिनामी हिंदूंच्या पंडितजींनी येऊन मंत्र अगदी खणखणीत म्हटले, पण त्यांची पद्धत वेगळी. सगळं उरकल्यावर राजनच्या आईने विचारलं, "आणि यांचा खडा?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. श्रीनिवास मागे उभा होता, आणखी मागे सरकला असता तर भिंतीतच गेला असता. पण त्या बाई तशाच हात पुढे करून उभ्या राहिल्या, आणि त्याला ते बघवेना. तो क्रिमेटोरियमच्या बाहेर धावला. बाहेर दगड कुठला? हा देशच मुळी चिखल-वाळूचा. आवारात विटा अशा घट्ट बसवलेल्या की नख शिरू नये आणि फुलांच्या वाफ्यात पोत्यातून आणलेली पांढरी शोभेची खडी, हरभऱ्याएवढी. शेवटी पार्किंगच्या कडेची एक सैल वीट त्याने उचकटली आणि तिच्या तुकड्याने काम भागवलं.

दहाव्याला ती वीट हॉलंड्से आयसेल नदीत सोडली, राजनची आई त्याच्या पाया पडली आणि घरी येऊन श्रीनिवास दोन दिवस जेवला नाही. "वीट गं," एवढंच म्हणत राहिला. "एका माणसाचा जीव मी भाजलेल्या विटेत घातला. अप्पा असते तर मुस्काटात मारली असती." मृदुलाने समजावलं, रागावून पाहिलं, शेवटी ताट घेऊन शेजारी बसली. हा माणूस अशा बाबतीत किती कच्चा आहे, हे तिने तेव्हा नीट बघून ठेवलं.

पुढच्या उन्हाळ्यात ते एडेच्या बाजूला एक लाकडी घर घेऊन सुट्टीला गेले. एडेच्या पलीकडे जमीन चढत जाते आणि माळ लागतो. डच लोक त्याला हायडे म्हणतात. झाडं विरळ, सगळीकडे गुडघाभर खुरटी झुडपं, ऑगस्टमध्ये सगळी जांभळी. माळाच्या एका टोकाला एक बुटकं, गोलसर टेकाड होतं आणि त्याच्या पायथ्याशी दगडांचं कडं. मुठीएवढे, गुळगुळीत, तळहातात बसणारे दगड. श्रीनिवासने एक उचलला, उलटापालटा करून पाहिला आणि त्याला भरून आलं. कुणीतरी आपल्यासाठीच वेचून ठेवल्यासारखे होते ते.

वडिलांची शिकवण त्याच्या डोक्यात पक्की होती. जीवखडा भंगलेला नको, टोकदार नको, हाताला जड लागला पाहिजे. त्यांची मुलगी ईशानी तेव्हा सात-आठ वर्षांची होती. तिला हा खेळ वाटला. "बाबा, धिस वन?" असं विचारत ती एकेक दगड आणायची आणि तो परीक्षा घ्यायचा. चांगले पाच-सहा तिने आपल्या रेनकोटच्या खिशांत भरून आणले. घरी आल्यावर त्याने ते स्वच्छ धुतले, उन्हात वाळवले आणि सुपरमार्केटच्या निळ्या पिशवीत घालून शेडमध्ये सायकलींच्या मागे ठेवले.

तेव्हापासून ते ठरूनच गेलं. दगड संपत आले की ऑगस्टात एडेला जायचं. सुरुवातीला तिघंही जायची. मग ईशानी यायची बंद झाली. मोठी झाली, आता कुठली येते बापाबरोबर दगड वेचायला, असं त्याने धरलं. मृदुला यायची, पण टेकाडापर्यंत कधी गेली नाही. गुडघ्याची सबब सांगून गाडीत थर्मास घेऊन बसायची आणि तो परत आला की पिशवीकडे न बघता चहा ओतायची. तिला हे काम आवडत नाही, असं त्याला वाटे. ते त्यालाही कुठे आवडत होतं?

पण करायचा मात्र जीव ओतून. इथल्या मातीच्या कुंडीला बुडाशी आधीच भोक असतं, ते तो घरून कणकेने बुजवून न्यायचा. मडकं फोडायला आवारात परवानगी नाही म्हटल्यावर ताडपत्री अंथरून फोडायचा आणि शेवटची खापरी वेचूनच उठायचा. इथे राख महिन्याभराने हातात मिळते, त्यामुळे दहाव्याच्या दिवशी माणसाचं म्हणून हातात असतं ते फक्त तो दगड. लोक त्याला छातीशी धरत. डेल्फ्टला शिकणारा श्रेयस नावाचा एक मुलगा गेला, तेव्हा त्याच्या आईवडिलांना व्हिसा वेळेत मिळाला नाही. श्रीनिवासने फोन एका हातात धरून दुसऱ्या हाताने सगळं केलं आणि ती आई पडद्यावरून सारखी म्हणत होती, "काका, जरा कॅमेऱ्याजवळ धरा ना त्याला." त्याने दगड जवळ धरला. ती त्याच्याशी बोलली. बराच वेळ बोलली.

करोनाच्या दिवसांत तर पिशवी तळाला गेली. विसर्जन झालं की तो प्रत्येक घरच्यांना एकच सांगायचा, "आता मागे वळून बघायचं नाही. त्यांना जाऊ द्या." हे वाक्य वडिलांचं होतं, सूरही त्यांचाच. लोक ऐकायचे. खांदे ताठ करून सरळ गाडीकडे चालत जायचे. मंडळाच्या गणपतीला मात्र पूजा सांगायला डेल्फ्टहून दुसऱ्या कुणाला तरी बोलवत, आणि कुणाच्या नव्या घराच्या सत्यनारायणाला त्याला प्रसादालाच निमंत्रण असे. मृदुला चिडायची. तो म्हणायचा, "कराड काय नि कापेल काय."

तर अशा माणसाची बायको म्हणत होती, माझा दगड मीच निवडणार.

ऑगस्टच्या शेवटी ते गेले. तिची तब्येत इतकी उतरली होती की चाकांची खुर्ची घ्यावी लागली. ईशानी मास्ट्रिख्टला नोकरीला होती, ती शनिवार-रविवारीच येऊ शके. हा दिवस मृदुलाने मुद्दाम मधला निवडला. माळावरच्या वाळूत खुर्चीची चाकं रुतायला लागली. टेकाड अजून शंभरेक पावलं लांब होतं, तेव्हा मृदुला म्हणाली, "थांबा. इथेच."

तिने वाकून पायवाटेवरून एक दगड उचलला. वाकण्यानेच तिला दम लागला. दगड अगदीच सुमार होता. वेडावाकडा, एका कोपऱ्याचा टवका उडालेला, मधून तांबूस पट्टा गेलेला. लोकांच्या बुटांखाली आणि सायकलींखाली रगडून निघालेला.

"हा," ती म्हणाली.

"अगं, हा कसला? फुटकाय तो. वर चांगले आहेत, मी आणतो ना."

"वरचा नको."

"का पण?"

"हा माझ्या हाताला लागला. माझा आहे. वरचा नको म्हणजे नको." मग त्याच्या तोंडाकडे बघून तिने आवाज मऊ केला. "ऐका की एवढं. इतकी वर्षं लोकांचं ऐकलंत."

त्याने दगड घेऊन पिशवीत टाकला. पण मन मानेना. बाईमाणूस थकलंय, तिला वाटलं असणार की आता याला कशाला पुन्हा चढायला लावा. आयुष्यभर तिने असंच केलं होतं. सगळ्यांना वाढून झाल्यावर तळातलं आपल्या ताटात घ्यायचं. आता शेवटच्या वेळीही फुटका दगड? ओळखीच्या ना पाळखीच्या माणसांना आपण एकसे एक दगड दिले आणि हिच्या वाट्याला पायवाटेवरचा टवका?

"तुझ्यासाठी थोडी फुलं आणतो," म्हणून तो टेकाडाकडे गेला. कड्यातले दगड आता विरळ झाले होते, त्यानेच केले होते. हिंडून हिंडून त्याने एक शोधला. काळाभोर, अंड्यासारखा गोल, कुठे ओरखडा नाही. जमिनीत निम्मा रुतलेला होता; तो हलवून हलवून काढावा लागला. खाली ओली, काळी खाच राहिली. पिशवीतून काढलेला मृदुलाचा दगड फेकून द्यायला त्याचा हात होईना. कसाही असला तरी तिने उचललेला. त्याने तो त्या खाचेत बसवला, वरून टाचेने दाबला, मूठभर जांभळी फुलं तोडली आणि खाली आला.

"मिळाली?" तिने विचारलं.

"मिळाली," तो म्हणाला.

घरी आल्यावर त्याने काळा दगड पांढऱ्या फडक्यात गुंडाळून देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवला. ऑक्टोबरात, बोलणं जड व्हायला लागल्यावर, तिने एकदा विचारलं, "माझा ठेवलाय ना नीट?" तो हो म्हणाला. एवढ्या वर्षांच्या संसारात तो तिच्याशी खोटं बोलल्याचं कुणाला आठवणार नाही, त्यालाही नाही. हे खोटं आहे असंही त्याला वाटलं नाही. तिला कळलं असतं तर ती लटकं रागावली असती आणि मनातून सुखावली असती, असं तो धरून चालला होता.

मृदुला नोव्हेंबरच्या एका सकाळी गेली. ईशानी जवळ होती.

दुसऱ्यांची क्रिया करणाऱ्याच्या घरी ती वेळ आली की मोठी पंचाईत होते. त्याच्या घरची कोण करणार? राजनने हेगला फोन लावायची तयारी दाखवली, पण ईशानीने सांगितलं, "मी करेन. बाबा सांगतील, मी करेन." जी मुलगी घरात मराठी ऐकायची आणि इंग्रजीत उत्तर द्यायची, कधी चिडली तर डचमध्ये, ती दहा दिवस रोज सकाळी पाटासमोर बसली. श्रीनिवास एकेक शब्द सांगायचा, ती चाचरत म्हणायची. फडकं उलगडून दगड ताम्हनात ठेवायची, त्याच्यावर तिळाचं पाणी सोडायची. तिच्या बोटांमधून पाणी घरंगळताना बघून त्याला वाटायचं, आपण एवढं तरी चांगलं केलं. दगड तरी पोरीच्या आईला शोभेसा आहे.

दहाव्याला घरामागच्या नदीवर गेले. हॉलंड्से आयसेलला भरती-ओहोटी लागते. ओहोटी धरून त्याने वेळ ठरवली होती, म्हणजे पाणी समुद्राकडे चाललेलं असेल. राजन आणि त्याची बायको मागे उभी होती. ईशानी लाकडी धक्क्याच्या पायऱ्या उतरली आणि तिने दगड पाण्यात सोडला. अगदी बारीक आवाज झाला. नदी करड्या रंगाची होती, तशीच वाहत राहिली.

"मागे वळून बघायचं नाही," श्रीनिवास म्हणाला. सूर वडिलांचाच निघाला, फक्त शेवटी फाटला.

राजन घरापर्यंत सोडून गेला. दोघं स्वयंपाकघरात बसली. ईशानीने चहा केला, आईसारखाच, आलं जास्त घालून. श्रीनिवासला पहिल्यांदाच थोडं मोकळं वाटत होतं. वचन पाळलं होतं. तो म्हणाला, "दगड बघितलास ना? किती सुरेख होता. तुझ्या आईसाठी एवढं तर करायलाच हवं होतं."

ईशानीने कप खाली ठेवला. ती म्हणाली, "आईने मला फोनवर सांगितलं होतं. शी वॉज सो हॅपी, बाबा. की तिने पायवाटेवरचा घेतला आणि तुम्ही ऐकलं." मग मराठीत शब्द शोधत, अडखळत ती पुढे बोलत राहिली. "आता सांगते. मी लहान होते, शाळेची ट्रिप गेली होती तिथे. टीचरने सांगितलं, ती टेकडी म्हणजे ग्रेव्ह आहे. खूप खूप जुनी. चार हजार वर्षं, जास्त पण. ते दगड त्यांच्या लोकांनी ठेवले होते, राउंड. मेलेल्या माणसासाठी. मी खूप रडले बसमध्ये. माझ्या खिशात मी किती आणले होते ना?"

श्रीनिवासने आपला कप बाजूला सारला.

"मी घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, बाबांना नाही सांगायचं. कधीच नाही. ती म्हणाली, बाबांना एका विटेचं इतकं लागलं, हे कळलं तर ते मोडून जातील. आणि मग त्या लोकांचं कोण करणार?" तिने डोळे पुसले. "ती म्हणायची, ज्यांना माहीत नाही त्यांना पाप नाही. पण मला माहीत आहे, म्हणून माझा तिथला नको. दुसऱ्याच्या उशाचा दगड घेऊन मी जाणार नाही. म्हणून तिने पायवाटेवरचा घेतला. बाबा? तुम्ही रागावलात का? मी नको होतं का सांगायला?"

"नाही गं," तो म्हणाला. "बरं केलंस सांगितलंस."

त्याच्या काळजात जे धस्स झालं होतं ते चेहऱ्यावर आलं नसावं, कारण ती उठून त्याच्या गळ्यात पडली आणि म्हणाली की आईचं सगळं तिच्या मनासारखं झालं. तो तिच्या पाठीवर थोपटत राहिला. या पोरीला काय सांगायचं? दहा दिवस तू ज्याच्यावर पाणी घातलंस तो तुझ्या आईने नको म्हटलेला दगड होता, हे? ते त्याने तिला सांगितलं नाही. पुढेही नाही.

ईशानी मास्ट्रिख्टला परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो एडेला गेला. डिसेंबर लागला होता. माळावरचा जांभळा रंग कधीच उतरून सगळं तपकिरी पडलं होतं आणि झुडपांवर हिव साचलं होतं. पायवाटेवरच्या वाळूत कुणाच्या कुत्र्याच्या पावलांशिवाय काही नव्हतं. टेकाडाभोवती आता कंबरेएवढे लाकडी खुंट रोवून दोर बांधलेला होता आणि एक नवी पाटी लावलेली होती. श्रीनिवासने ती वाचली. त्याला डच चांगलं येत होतं. इतक्या वर्षांत या टेकाडाबद्दल एका शब्दाने कुणाला विचारावं, असं मात्र त्याला कधी वाटलं नव्हतं. दगड दिसले, आपल्या कामाचे वाटले, घेतले.

पाटीवर लिहिलं होतं, हे इथल्या जुन्या शेतकऱ्यांचं थडगं आहे. दगडांचं कडं मृताभोवती राखणीसाठी घातलेलं असावं. त्यातले बरेच दगड अलीकडच्या वर्षांत नाहीसे झाले आहेत. जे उरले आहेत ते गावच्या स्वयंसेवकांनी जागच्या जागी पक्के बसवले आहेत. कृपया हात लावू नये.

आत कुणाला ठेवलं होतं, बाप्या की बाई, ते त्यात नव्हतं. श्रीनिवासच्या डोळ्यांपुढे मात्र माणसं आली. थंडीत वाकून, नदीच्या पात्रातून की कुठून, एकेक दगड पारखून आणणारी. भंगलेला नको, टोकदार नको, हाताला जड लागला पाहिजे. त्यांनीही परीक्षाच घेतली असणार. आणि त्याने एकेक करून ते उचलले आणि नद्यांमध्ये सोडून दिले. राजनचे वडील सोडले तर त्याच्या हातून गेलेला प्रत्येक जण दुसऱ्या कुणाच्या तरी राखणीचा दगड घेऊन गेला होता. श्रेयससुद्धा. त्याची आई ज्याच्याशी बोलली, तोसुद्धा.

तो दोराबाहेरूनच टेकाडाला फेरी घालू लागला. उलटी फेरी घालतोय, हे त्याच्या लक्षात आलं नाही. अर्ध्यावर आल्यावर त्याला तो दिसला. कोपऱ्याचा टवका, मधून तांबूस पट्टा. स्वयंसेवकांनी त्यालाही इतरांसारखाच मान दिला होता, दोन्ही बाजूंनी माती दाबून घट्ट बसवला होता. काळ्या गोल दगडांच्या ओळीत तो एकटाच वेडावाकडा होता, पण आता कड्यातला होता.

श्रीनिवास गुडघ्यांवर बसला. दोराखालून हात घातला की दगड हाताशी होता. थोडं हलवलं तर निघाला असता. हलवून कसा काढायचा हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? खिशात घालायचा, घरामागच्या नदीवर जायचं आणि ओहोटीला सोडून द्यायचा. वचन दिलं होतं. मला कुठे अडकून राहायचं नाहीये, असं ती म्हणाली होती.

त्याची बोटं दगडावर टेकली. दगड बर्फासारखा गार होता. पण मृदुला दुसरंही म्हणाली होती. वरचा नको म्हणजे नको. तिचा दगड आता वरचा झाला होता, आणि तो त्यानेच, स्वतःच्या टाचेने दाबून वरचा करून ठेवला होता. काढला तर पुन्हा एकदा थडग्यातला दगड काढला. ठेवला तर बायको परक्याच्या उशाशी अडकली. आणि मडकं ज्याने फोडलं, पोरीने ज्याच्यावर पाणी घातलं, तो दगड तर नदीच्या तळाशी होता. मग मृदुला नेमकी होती कुठे? पाण्यात, की इथे? इतकी वर्षं लोक त्याला विचारायचे, काका, आता ते सुटले ना, आणि तो छातीठोकपणे हो म्हणायचा. आज त्याला स्वतःच्या बायकोबद्दल ते सांगता येत नव्हतं. विचारायला वरती कुणी नव्हतं. कराडचा घाट नव्हता, अप्पा नव्हते.

"मृदुला," त्याने हाक मारली. माळावर त्याच्याशिवाय कुणी नव्हतं, तरी त्याला लाज वाटली. मग लाज गेली आणि तो मोठ्याने रडला. वडील गेले तेव्हा तो पोचू शकला नव्हता, तेव्हाही असा रडला नव्हता.

पाण्याची बाटली गाडीतून आणलेली होती. त्याने ओंजळीत थोडं पाणी घेतलं आणि दोराखालून हात लांब करून त्या दगडावर सोडलं. तीळ नव्हते, मंत्रही म्हटला नाही. मग उरलेलं पाणी टेकाडात जो कोणी होता त्याच्यासाठी कड्याच्या कडेने ओतलं. बोटं बधिर झाली होती. पुन्हा दगडाला हात लावायचा धीर त्याला झाला नाही.

गुडघे झाडून तो उठला. पाटीपाशी आला, पायवाटेला लागला. तोंडात वाक्य आपोआप आलं, इतक्या घरांना इतक्या वेळा सांगितलेलं. त्याने मान खाली घातली आणि चार पावलं टाकली. मग थांबून मागे पाहिलं. पुन्हा थोडं चालला आणि पुन्हा पाहिलं. टेकाड झुडपांआड दिसेनासं होईपर्यंत तो असाच, वळून वळून बघत गेला.